साडीगार्ड

१

विनीत शिवलकर बोटीवर इंजिन फिटर होता. अर्धी हयात मालवाहू बोटींच्या पोटात काढून तो गावी, भाट्याच्या घरी कायमचा परतला, आणि पहिल्या महिन्यातच त्याने घरातला पंप, पंखे, नळ आणि दाराच्या बिजागऱ्या खोलून पुन्हा जोडल्या. शेवटी मृणालीने, म्हणजे त्याच्या बायकोने, मिक्सर माळ्यावर लपवला तेव्हा कुठे गाडी थांबली. रिकामा सुतार कुल्ला ताशी, हे त्याला तोंडावर ऐकवणारी ती एकटीच होती.

मग त्याला ती येझदी मोटरसायकल मिळाली. पूर्णगडच्या हरिश्चंद्र पावसकरांची. आयुष्यभर त्यांनी तिच्यावर बर्फाची पेटी बांधून मिरकरवाड्याला मासळी नेली. ते गेले आणि गाडी गोठ्यात गोणपाटाखाली जाऊन पडली. त्यांच्या बायकोने, सावित्रीकाकीने, गोणपाट ओढून काढलं तेव्हा विनीतला गंजाच्या आतली गाडी दिसली. त्याचे डोळे तसेच होते.

"घेऊन जा," काकी म्हणाली. "हिथं कुजून जायची. पण येक ऐक माझं. येकट्यानं फिरव. मागं बसायला जागा नाय तिला, ती नाय तीच बरी."

जागा नव्हती हे खरं. मागच्या अर्ध्या शीटच्या ठिकाणी लोखंडी कॅरिअर ठोकलेलं होतं. विनीतने मान डोलावली. म्हातारं माणूस सांगतं तेव्हा डोलवावी तशी.

कारण ही गाडी त्याला एकट्यासाठी नकोच होती. लग्नानंतर एकदाच, मागून आणलेल्या येझदीवर, त्याने मृणालीला मागे बसवून पावसपर्यंत नेलं होतं. आठवड्याने त्याला बोटीवर जावं लागलं. पुढे प्रत्येक खेपेला तो म्हणायचा, आता आलो की आपली स्वतःची घेऊ. त्या म्हणण्यातच तिचे केस पिकायला लागले. आता या दसऱ्याला ती त्याच्यामागे बसणार होती आणि दोघं थेट गणपतीपुळ्याला जाणार होती. मृणाली त्यावर हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही, पण दुसऱ्याच दिवशी कपाटातली मोरपंखी साडी तिने दोरीवर उन्हात टाकली. विनीतने ती साडी बघितली. एवढं तरी आपण वेळेवर करायचंच, असं त्याने ठरवलं.

२

पडवीत त्याने कारखाना मांडला. एका बाजूला झोपाळा, दुसऱ्या बाजूला गाडीची हाडं. झोपाळ्याची फळी त्याने स्वतः रंधून टांगलेली होती. डावीकडची जागा मृणालीची, कारण तिथून फाटक आणि रस्ता दिसतो. इतकी वर्षं तिने त्याच जागेवरून त्या रस्त्याकडे बघितलं होतं. उजवीकडची जागा विनीतची, आणि तो नसताना तिथे वर्तमानपत्रं पडून असायची.

काम त्याने जीव लावून केलं. क्रँक लेथवाल्याकडून नवा रॉड घालून आणला, सिलिंडर बोअर केला, पिस्टन बदलला. आऱ्या एकेक ओढून चाकं सरळ केली. हेडलाइटची कड आणि सायलेन्सर क्रोमिंगला कोल्हापूरला धाडले. टाकीचा रंग मात्र त्याने स्वतः उतरवला. पुट्टी भरायची, पाण्यातल्या पॉलिश पेपरने घासायची, डोळे मिटून हात फिरवायचा. हाताला खाच लागली की पुन्हा पुट्टी. डोळा फसतो, तळवा फसत नाही, असं तो म्हणायचा. धातू कधी खोटं बोलत नाही, हेही त्याचंच.

चॅसीचा रंग उतरवताना डाव्या बाजूला त्याला पितळ लागलं.

लोखंडात मध्येच पिवळा ठिपका. मग दुसरा, मग आणखी. बायका एका बाजूला बसतात तेव्हा पाय ठेवायची पट्टी जिथे लागते ती भोकं, आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी लागते त्या साडीगार्डची भोकं. सगळी गॅसवर पितळ ओतून बुजवलेली, वरून कानशीने घासलेली. गंज इतका, पण या ठिपक्यांच्या आसपास कुणीतरी पुन्हापुन्हा रंग दिलेला.

"मुद्दाम बुजवलंय हो कुणीतरी," मृणाली वाकून बघत म्हणाली.

"बर्फाच्या पेटीला आड येत असेल."

"आड येत असेल तर साडीगार्ड काढून ठेवतात. भोकं कशाला बुजवतील?"

"मासळीवाल्याचं डोकं ते," विनीत म्हणाला आणि त्याने ड्रिल लावलं. पितळेचा पिवळाधमक कीस जमिनीवर पडला. जुन्या बाजारातून त्याने अस्सल साडीगार्ड मिळवलं, पायपट्टी मिळवली, लांब शीट नव्याने भरून घेतलं. गाडी जशी कारखान्यातून निघाली असेल तशी झाली पाहिजे, आणि तिच्यावर मागे जागा पाहिजेच, त्याशिवाय हा सगळा खटाटोप कुणासाठी?

३

नवरात्र बसलं त्या सकाळी येझदी दुसऱ्या किकला सुरू झाली. विनीतला इतका आनंद झाला की तो मृणालीला हाक मारायचंही विसरला आणि तसाच निघाला.

इंजिन गोड वाजत होतं. फक्त भाट्याच्या पुलाच्या चढाला मागचं चाक जरा बसल्यासारखं वाटलं. नव्या स्प्रिंगा, बसायला वेळ घेतात, असं म्हणून त्याने तो विषय संपवला.

मिरकरवाड्याला त्याचा शाळेतला दोस्त केरू लिलावाच्या ओट्यावर उभा होता. त्याने बर्फ कारखान्याच्या सावलीत उभी केलेली गाडी लांबूनच ओळखली.

"हरीशभावोजींची ना? त्यांच्या डोक्याचा येक खिळा ढिला होता, माहीत हाय तुला? ह्या गाडीचा कायतरी गॅसचा जोड करायचा होता. माणूस काय करील? गाडी गॅसवाल्याकडं नेईल. ह्यांनी गॅसवाल्यालाच टेंपोत घातलांनी आणि गावखडीच्या सुरूच्या बनात नेलांनी. रस्त्यात बसून काम करवून घेतलांनी. आम्ही दोन वर्षं हसत होतो."

विनीतही हसला. केरूने पिशवीत सुरमई घातली, आणि गाडीकडे हनुवटी करून म्हणाला, "वहिनींना बोलव की इकडं. तिथं बसवून काय ठेवल्यास?"

विनीतने वळून बघितलं. गाडी स्टँडवर एकटी उभी होती. शेजारून बर्फाच्या लाद्या ढकलत माणसं चालली होती.

"ती घरी आहे."

केरूने डोळ्यांवर हात धरला. "मगाशी बसलेल्या दिसल्या. पाठमोऱ्या," तो म्हणाला, आणि लिलाव पुकारायला वळला.

केरूला चष्मा लागलाय आणि तो लावत नाही, हे अख्ख्या मिरकरवाड्याला ठाऊक होतं. विनीतने तेच स्वतःला सांगितलं आणि किक मारली. पुलावर पुन्हा मागचं चाक बसलं.

४

त्याने शॉकअप खोलले, मोजले, तेल बदललं, पुन्हा जोडले. स्प्रिंगा उत्तम होत्या.

पायपट्टीचं रबर मात्र झिजायला लागलं होतं. नवं कोरं रबर, त्याच्यावर अजून कुणी पाय ठेवलेला नव्हता, आणि त्याच्या बाहेरच्या कडेच्या रेघा गुळगुळीत झालेल्या. टाचा टेकून बसणाऱ्या माणसाखाली होतात तशा. रेघांच्या खोबणीत वाळू होती. विनीतने ती बोटावर घेतली. ओली होती. अंगण कोरडं खडखडीत, पाऊस जाऊन दिवस लोटलेले. हलकं रबर, हलका माल, आणि समुद्रालगतच्या रस्त्याला वाळू ही असायचीच. त्याने नवं रबर बसवलं. तेही तसंच झिजलं.

दुपारी जेवण करून झोपाळ्यावर पडलं की गाडीतून आवाज यायचा. तापलेलं लोखंड निवताना टिकटिकतं, तो आवाज त्याच्या ओळखीचा. हा वेगळा होता. मागची स्प्रिंग हळूच दबायची आणि थांबायची. बराच वेळ दबलेलीच राहायची. मग कधीतरी, संध्याकाळी कुणी कंटाळून उठावं तशी सुटायची. बोटीच्या इंजिनरूममध्ये हजार आवाजांतून एका बिघडलेल्या बेअरिंगचा आवाज वेगळा काढणारा माणूस तो, त्याला हा आवाज कुठे बसवावा ते कळेना. पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपल्याला हे नकोय कळायला.

अष्टमीला मृणाली म्हणाली, "जरा फाटकापर्यंत बसून बघते. दसऱ्याला फजिती नको."

तिने साडी नीट खोचली, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, पाय पट्टीवर टेकवला. आणि तिथेच थांबली. विनीत इंजिन सुरू ठेवून वाट बघत राहिला.

"काय झालं?"

"जागा नाही हो," ती म्हणाली.

त्याने मागे बघितलं. लांबलचक शीट, काळं कुळकुळीत, दोघं काय तिघं मावतील. मृणालीही त्याच्याकडेच बघत होती, आणि आपण काय बोललो याचं तिलाच नवल वाटलेलं दिसत होतं. ती हसली.

"म्हणजे, नको आत्ता. ऊन आहे. साडी खराब होईल."

ती घरात गेली. विनीतला राग आला, आणि रागापेक्षा वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी जागा करून दिली आणि तिला ती आपली वाटत नाही, असा त्याने अर्थ लावला. माणूस घाबरण्यापेक्षा दुखावून घेणं पसंत करतो, ते सोपं असतं.

५

खंडेनवमीला सकाळीच त्याने पाने, कानशी, हातोड्या धुऊनपुसून पाटावर मांडल्या, झेंडू वाहिला. गाडीलाही हार घातला. मग फुलं आणि आंब्याचे टहाळे आणायला तो गाडी घेऊन शहरात गेला आणि दहाच्या सुमाराला परत निघाला.

पुलावर वारा भरपूर होता. हॅन्डलच्या गोल आरशात त्याला त्याचा डावा खांदा दिसत होता, निळा शर्ट. आरसा थरथरत होता. एका गाडीला वाट द्यायला त्याने वेग कमी केला, थरथर थांबली आणि आरसा स्थिर झाला.

खांद्यावर बोटं होती. चार. दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. ओल्या काचेच्या दोन बांगड्या. त्यापलीकडे साडीचा काठ, आणि तो वाऱ्यावर उडत नव्हता. अंगाला चिकटून होता.

विनीतने ब्रेक मारला नाही. खांदा हलवला नाही. बोटीवर आग लागली तर माणूस पळत नाही, झडपा बंद करतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. त्याने आरशाकडे पुन्हा बघितलं नाही. अवजारं घरी होती, गॅसची नळी घरी होती, म्हणून तो घरी निघाला. शर्ट खांद्याला ओला लागत होता.

फाटकातून आत, अंगणातून थेट पडवीत. त्याने इंजिन बंद केलं आणि बसून राहिला. मागची स्प्रिंग सुटली. गाडी हलकी झाली, इतकी स्पष्ट, की त्याच्या पायांना ते कळलं.

मग त्याने पूजेतला पाना उचलला.

"अहो, आज हत्यारांना हात लावू नये," मृणाली दारातून म्हणाली.

"आजच लावायला पाहिजे," तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकून ती पुढे काही बोलली नाही.

साडीगार्ड काढलं. पायपट्टी काढली. लांब शीट काढून जुनं अर्धं शीट आणि कॅरिअर चढवलं. गॅस पेटवून एकेका भोकात पितळ ओतलं, निवू दिलं, कानशीने घासलं, वर रंग मारला. दुपार टळेपर्यंत काम झालं आणि ते हरिश्चंद्रांच्या कामापेक्षा सफाईदार झालं होतं, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला बरं वाटलं. अशा वेळीही बरं वाटतंच फिटरला.

साडीगार्ड त्याने माडाच्या बुंध्याशी टाकून दिलं.

६

एकटाच तो पुलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन आला. येझदी नुसती पाखरासारखी उडत होती. चढाला मागचं चाक बसलं नाही. आरशात निळा शर्ट आणि त्यामागे खाडी, एवढंच. विनीत मोठ्याने हसला. एक मासेवाली वळून बघायला लागली, तिलाही त्याने हात केला. दसऱ्याला रिक्षाने जाऊ, नाहीतर एसटीने जाऊ. मृणालीच्या जागेचं काय एवढं, तिची जागा घरात होतीच.

घरी येऊन अंगणातूनच त्याने सावित्रीकाकीला फोन लावला. तिचं ऐकलं नाही हे कबूल करण्याइतका तो दिलदार होता, आणि आपण ते निस्तरलं हे सांगण्याइतका हौशी.

"काकी, तुम्ही म्हणालात ते खरं. मागची जागा काढून टाकली मी."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. "भोकं बुजवलंस?"

"सगळी. पितळ घालून."

"बरं केलंस बाबा. लय बरं केलंस." तिने सुस्कारा टाकला. "कुठं सोडलंस तिला?"

"कुणाला?"

"भोकं बुजवलंस तवा गाडी कुठं होती?"

"कुठे म्हणजे? घरी. पडवीत."

कोंबड्या ओरडत राहिल्या. मग तिचा आवाज आला तो अगदी हळू, शेजारी कुणी ऐकेल म्हणून बोलावं तसा.

"ह्यांनी तिला सुरूच्या बनाशी उतरू दिलांनी, आणि तिथल्या तिथं गॅसवाल्याला बोलावलांनी. लोक हसले तरी घरी नाय आणलांनी. पोरा, तू तिला घरात उतरवलंस आणि मंग जागा काढलंस?"

विनीतने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता ती जाईल कशावर?" काकीने विचारलं.

७

पडवीची पायरी चढताना त्याने आधी गाडीकडे बघितलं. गाडी ठीक होती. मग माडाच्या बुंध्याशी टाकलेल्या साडीगार्डकडे बघितलं. तेही जिथल्या तिथे होतं. परत बसवता येईल, ड्रिल आहे, तासाभराचं काम, असा हिशेब तो मनात करत होता. जागा पुन्हा केली की बसेल, बसली की बनाशी नेऊ. काम अवघड नव्हतं. बसली तर.

मग त्याने झोपाळ्याकडे बघितलं.

वारा पडला होता. झोपाळा हलत नव्हता. पण फळी सरळही नव्हती. डावीकडच्या कड्या ताणलेल्या होत्या आणि उजवीकडच्या सैल. त्या बाजूची वर्तमानपत्रं घसरून मधोमध आली होती. डाव्या टोकाखाली फरशीवर थेंब पडत होते, एकाशेजारी एक, आणि फरशीच्या सांध्यात बारीक वाळू जमत होती. त्या जागेवरून फाटक आणि रस्ता छान दिसतो.

"मृणाली," त्याने हाक मारली. आवाज त्याला वाटला तेवढा मोठा निघाला नाही.

"आले," स्वयंपाकघरातून ती म्हणाली, नेहमीसारखी.

ती चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये तीन कप होते. तिने एक विनीतच्या हातात दिला, एक झोपाळ्याच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर ठेवला, आणि तिसरा घेऊन ती उंबऱ्याला टेकून खाली जमिनीवर बसली. पाहुणे आले की घरातली बाई बसते तशी, पदर सावरून. फुंकर घालून तिने चहाचा घोट घेतला.

विनीतने तिच्याकडे बघितलं. आपल्या जागेकडे तिचं लक्षच नव्हतं.

"तिथे खाली का बसलीस?" त्याने विचारलं.

मृणालीने मान वर केली. प्रश्न तिला कळलेला दिसला नाही. इतकी वर्षं त्याच्या बोटीची वाट बघताना तिने जसं बघितलं असेल तसं तिने पडवीभर एकदा बघितलं, गाडीकडे, मग झोपाळ्याकडे.

"मग कुठे बसू?" ती म्हणाली.